खाली पडलेले अन्न : ओलावा व जंतुसंक्रमण

जमीन, ओटा यांसारख्या पृष्ठभागावर पडलेल्या खाद्यपदार्थाला तेथील जंतू किती प्रमाणात लागतील, हे ठरवण्यात त्या पदार्थातील ओलाव्याचा वाटा मोठा असतो. कोरड्या पृष्ठभागावरचे जंतू आपणहून पदार्थाकडे सरकत नाहीत. परंतु ओलसर पदार्थ तेथे टेकला की दोहोंमध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो, तो बारीक खाचाखळग्यांत शिरतो आणि तेथे चिकटलेले जंतू सुटे होऊन पदार्थाबरोबर उचलले जातात. पदार्थ मऊ असल्यास त्याचा अधिक भाग पृष्ठभागाला भिडतो व संक्रमण आणखी वाढते.

पडलेला पदार्थ पाच सेकंदांच्या आत उचलल्यास तो खाण्यायोग्य राहतो, अशी समजूत अमेरिकेत ‘पाच सेकंदांचा नियम’ म्हणून रूढ आहे. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या रॉबिन मिरांडा व डोनाल्ड शाफनर यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती पारखून पाहिली. त्यांनी पोलाद, फरशी, लाकूड व गालिचा या चार पृष्ठभागांवर एंटरोबॅक्टर एरोजेन्स हे जंतू लावून ते वाळू दिले आणि त्यांवर कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव व चिवट गोळी हे पदार्थ एका सेकंदाहून कमी वेळापासून 300 सेकंदांपर्यंत ठेवले. सर्वांत ओलसर अशा कलिंगडाला सर्वाधिक, म्हणजे काही स्थितींत 97 टक्क्यांपर्यंत जंतू लागले, तर गोळीला सर्वांत कमी लागले. वेळ वाढला तसे संक्रमणही वाढले. तथापि काही वेळा ते एक सेकंद पुरा होण्याआधीच घडले, आणि पदार्थाचे व पृष्ठभागाचे स्वरूप वेळेइतकेच किंवा त्याहून महत्त्वाचे ठरले. गालिच्यावरून पोलाद व फरशीच्या मानाने फारच कमी जंतू पदार्थावर आले, कारण त्याच्या उभ्या धाग्यांमुळे पदार्थाचा प्रत्यक्ष स्पर्श मर्यादित राहतो.

जंतू लागल्यानंतरही ओलावा प्रभावी असतो. पदार्थातील पाण्यापैकी जंतूंना वापरता येण्याजोगे पाणी किती, हे दर्शवणाऱ्या मापाला ‘जलक्रियता’ म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी तिचे मूल्य 1 धरले जाते. बहुतेक जंतूंच्या वाढीस सुमारे 0.91 हून अधिक जलक्रियता लागते. त्यामुळे कापलेल्या फळावर लागलेले जंतू उबदार हवेत झपाट्याने वाढतात. उलट गोळीतील पाणी साखरेने बांधलेले असल्याने तेथे त्यांची वाढ खुंटते.

वाढ खुंटली म्हणजे जंतू मेले, असे मात्र होत नाही. साल्मोनेला जंतू कोरड्या फरशीवर व कमी ओलाव्याच्या पदार्थांतही दीर्घकाळ तग धरू शकतात. म्हणून कोरडेपणाने धोका घटतो, पण नाहीसा होत नाही. आणि पडलेल्या ओल्या पदार्थाबाबत, विशेषतः तो लहान मूल, वृद्ध किंवा आजारी व्यक्तीला द्यायचा असल्यास, सेकंद मोजण्यापेक्षा तो टाकून देणेच हितावह ठरते.