फिनिक्स पक्षी आणि संत क्लेमेंट

संकटातून सावरलेल्या माणसाविषयी 'फिनिक्स पक्ष्याप्रमाणे राखेतून भरारी घेतली', असे आपण सहज म्हणून जातो. या पक्ष्याची जुनी कथा आम्ही वाचू लागलो, तेव्हा प्रथम आश्चर्य वाटले ते याचे, की तिच्यात राखही नाही आणि आगही नाही.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेला. हेलिओपोलिस या सूर्यनगरीच्या लोकांनी त्याला सांगितले, की दर ५०० वर्षांनी अरबस्तानातून एक लाल-सोनेरी पक्षी येतो आणि गंधरसाच्या गोळ्यात ठेवलेला आपल्या पित्याचा देह सूर्यमंदिरात पुरतो. आपण हा पक्षी केवळ चित्रात पाहिला आणि ही कथा आपल्याला पटत नाही, असे हिरोडोटसने मोकळेपणाने लिहून ठेवले. पुढे सन ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीत रोममध्ये असा एक पक्षी लोकांना दाखविण्यात आला. तो बनावट होता याविषयी कोणालाही शंका नव्हती, अशी नोंद प्लिनीने केली आहे.

असे असूनही, सुमारे सन ९६ मध्ये रोमचे बिशप संत क्लेमेंट यांनी करिंथच्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले, तेव्हा पुनरुत्थानाची खूण म्हणून त्यांनी रात्रीनंतर उगवणारा दिवस, मातीत पडलेले बी आणि त्यापाठोपाठ हाच पक्षी सांगितला. मृत पक्ष्याच्या देहातून किडा निपजतो, त्याला पंख फुटतात, हे त्यांनी खरे मानले होते.

एवढ्या थोर धर्मपित्याने दंतकथेला साक्षीला बोलवावे, हे वाचून आम्ही थोडे ओशाळलो. परंतु याच करिंथकरांना सुमारे चाळीस वर्षांपूर्वी संत पौलाने लिहिले होते, तेव्हा पुनरुत्थित प्रभूला पाहिलेल्या माणसांचा त्याने दाखला दिला होता. त्यांतील बहुतेक त्या वेळी हयात होती. श्रद्धेचा पाया तेथे होता. पक्षी हा केवळ दृष्टान्त, आणि तो आपल्या काळाच्या समजुतीनुसार दिलेला.

रोममधील संत कॉस्मास व संत दमियन यांच्या चर्चमध्ये सहाव्या शतकातील मोझेक चित्रात खजुराच्या झाडावर फिनिक्स बसला आहे. ग्रीक भाषेत खजूर आणि हा पक्षी यांना एकच शब्द आहे. आपली मुले त्याच्याकडे बोट दाखवून 'हा खरा होता का?' असे विचारतील, तेव्हा 'नाही' म्हणण्यास आपण कचरू नये.