माऊस समजली गेलेली पाटी

आज लिनक्सवर ड्रॉइंग टॅबलेट जोडला की बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. वायर लावायची, क्रिता उघडायचं, पेन टेकवायचं. रेघ उमटते, जोर दिला की जाड होते. हे इतकं साधं वाटतं की यामागे वीसेक वर्षांची खटपट आहे हे लक्षातही येत नाही. मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री चित्रं काढतो, त्यामुळे या खटपटीचा इतिहास मला दोन्ही बाजूंनी जवळचा वाटतो.

टॅबलेट लिनक्सपेक्षा बराच म्हातारा आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने 'रँड टॅबलेट' बनवला. १० इंच बाय १० इंचांची पाटी, पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेषांची जाळी, इंचाला १०० रेषा. रेषांमधून सांकेतिक विद्युतसंदेश जायचे, पेन ते टिपायचं आणि टोक नेमकं कुठे आहे हे संगणकाला कळायचं. १९८३ मध्ये जपानमध्ये वॅकॉम कंपनी सुरू झाली. तिच्या पेनला ना वायर लागली ना बॅटरी. पाटी चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनातली कॉइल त्यातूनच ऊर्जा घेते आणि उत्तर परत पाठवते.

आता ऑपरेटिंग सिस्टिमची अडचण बघा. माऊस फक्त 'इतकं डावीकडे, इतकं वर' एवढंच सांगतो. पेन मात्र पाटीवरची नेमकी जागा, दाब, काही मॉडेलमध्ये तिरकेपणा, आणि आत्ता टोक खाली आहे की मागचा खोडरबर, हे सगळं सांगतं. ते समजून घेणारा ड्रायव्हर कंपन्या विंडोज आणि मॅकसाठी द्यायच्या. लिनक्ससाठी तो स्वयंसेवकांनी लिहिला. पुढे 'लिनक्सवॅकॉम' प्रकल्पात वॅकॉमचे अभियंतेही काम करू लागले.

सुरुवातीला ड्रायव्हर असूनही भागत नसे. एक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पेनासाठी एक विभाग, खोडरबरासाठी दुसरा, असं सगळं हाताने लिहावं लागे. एक अवतरणचिन्ह सुटलं की समोर काळा पडदा. २००७ मध्ये एक्स सर्व्हरच्या १.४ आवृत्तीत चालू मशीनला उपकरण जोडण्याची सोय आली आणि हा जाच हळूहळू संपला. उरलेल्या बारकाव्यांसाठी 'एक्ससेटवॅकॉम' ही कमांड होती. दोन मॉनिटर असले की टॅबलेट दोन्हींवर ताणला जातो. मग हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर अंडाकृती होतं. या कमांडने पाटी एकाच मॉनिटरला बांधता येते. बटणं आणि दाबाचा वक्रही तिथेच ठरतो.

पण वॅकॉम सगळ्यांना परवडत नाही. माझा पहिला टॅबलेट स्वस्तातला, वेगळ्याच ब्रँडचा होता. लिनक्सने त्याला माऊस म्हणून ओळखलं. कर्सर हलायचा, दाबाचा पत्ता नाही. याचं कारण 'डिजिमेंड' या प्रकल्पाचं काम वाचताना कळलं. तैवानच्या यूसी-लॉजिक कंपनीचं तंत्र वापरणारे टॅबलेट कितीतरी नावांनी विकले जात. लेबल वेगळं, आतला मामला तोच. जोडल्यावर ते साध्या, अपुऱ्या रूपात चालतात. संगणकाने ठरावीक क्रमांकाची एक माहिती मागितली की मगच पूर्ण रूपात येतात. हा क्रमांक लिनक्सवाल्यांना कोणी कळवला नव्हता. विंडोजच्या ड्रायव्हरचं टॅबलेटशी चाललेलं यूएसबीवरचं बोलणं ऐकून तो शोधावा लागला. निकोलाय कोन्द्राशोव यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. ते आज लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. ओळखीच्या तंत्राचा नवा मॉडेल आला तर कित्येकदा उत्पादक आणि मॉडेलचे दोन क्रमांक यादीत घातले की काम होतं.

'लिबवॅकॉम'चंही तसंच. प्रत्येक मॉडेलसाठी एक छोटी साधी टेक्स्ट फाइल: आकार किती, बटणं किती, कोणत्या बाजूला. प्रोग्रॅमिंग फारसं न येणारा माणूसही आपल्या टॅबलेटची फाइल लिहून पाठवू शकतो.

गोष्ट इथे संपत नाही. एक्सची जागा आता वेलँड घेतंय आणि तिथे एक्ससेटवॅकॉम चालत नाही. २०१६ मध्ये 'लिबइनपुट'मध्ये टॅबलेटची सोय आली, पण सेटिंगची जबाबदारी नोम, केडीई अशा प्रत्येक डेस्कटॉपवर गेली. कुठे ती पूर्ण आहे, कुठे अर्धवट. वर्षानुवर्षं हाताला बसलेली मांडणी मोडायची नाही म्हणून जुन्या एक्सवरच थांबलेले चित्रकार आहेत. त्यांना मागासलेले म्हणणं मला पटत नाही. चित्रकाराचं अर्धं कसब हाताच्या सवयीत असतं.

कंपनीचा ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीपर्यंत जगतो. माझ्या त्या पहिल्या टॅबलेटचं पान कंपनीच्या साइटवरून कधीच गेलं. कर्नलमधल्या यादीत मात्र त्याचे दोन क्रमांक आहेत, आणि त्यावर अजून रेघ जोर दिला की जाड होते.