उड्डाणानंतरचे पहिले मिनिट

शिर्डीजवळ काकडी येथील विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी २५०० मीटर लांब आहे. घरी बांधलेले लहान विमान चारेकशे मीटर धावले की जमीन सोडते. मग उरलेल्या दोन किलोमीटरांचा त्याला काय उपयोग? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

घरी विमान बांधण्याचा छंद विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार. त्यांचे १९०३ चे इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने दुकानातच घडवले. १९२९ मध्ये अमेरिकेतील बर्नार्ड पीटनपोल यांनी फोर्ड मोटारीचे इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसवले. महाराष्ट्रात वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ साल उजाडले. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. बांधण्यापेक्षा परवानगीलाच वेळ लागतो, असे कुणी म्हणेल. पण त्या सावधपणामागे बराच कडू अनुभव आहे.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही त्यांतली दोन ठळक कारणे होती, आणि नव्या विमानाच्या सुरुवातीच्या उड्डाणांतच बरेच अपघात झालेले दिसले. इंजिन बंद पडते म्हणजे ते मोडतेच असे नाही. शेतातल्या डिझेल पंपाने ‘एअर घेतली’ की तो थांबतो, हे आपले विद्यार्थी जाणतात. विमानातही इंधनाची नळी, टाकीचे हवाछिद्र, तोटी अशा किरकोळ जागीच घात होतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात घरगुती बांधणीचे विमान कोसळून मरण पावले. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये असलेली इंधनाची तोटी बांधणाऱ्याने त्याच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. टाकी बदलण्यासाठी मागे वळताना त्यांचा पाय सुकाणूच्या उजव्या पावटीवर दाबला गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

आता काकडीला परत येऊ. समजा, विमानाचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २८ मीटर, आणि चढण सेकंदाला ३ मीटर. इंजिन थांबल्यावर ते १ मीटर खाली येताना ९ मीटर पुढे जाते. वारा नाही असे धरले, तर सुमारे ९० मीटर उंचीपर्यंत विमान सरळ पुढेच, उरलेल्या पट्टीवर उतरू शकते. आपल्या दोन किलोमीटरांचा उपयोग हा!

त्याहून वर गेल्यावर मात्र मागे वळण्याचा मोह होतो. ४५ अंश कलून वळावे तर अर्धवर्तुळालाच नऊ सेकंद आणि सुमारे ५० मीटर उंची खर्ची पडते. काय झाले हे उमजण्यात गेलेले सेकंद वेगळेच. इतके करून विमान पट्टीच्या रेषेपासून १६० मीटर बाजूला असते. म्हणजे आणखी वळणे आले. शिवाय कललेल्या विमानाला तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग १९ टक्क्यांनी वाढतो, आणि इंजिन तर बंद. वेग त्याखाली गेला की पंखांवरचा प्रवाह विस्कटतो व विमान दगडासारखे खाली येते. म्हणून शिकाऊ वैमानिकाला पहिली सवय लावतात ती नाक ताबडतोब खाली करण्याची. जमीन जवळ असताना नाक खाली करणे मनाला पटत नाही, म्हणूनच ती सवय लावावी लागते.

मे महिन्यात हे गणित आणखी बिघडते. काकडी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. तेथे पारा ४० अंशांवर गेला की हवा प्रमाण हवेपेक्षा १३-१४ टक्के विरळ होते. इंजिनाचा जोर घटतो, धाव लांबते, चढण मंदावते. वरची आकडेमोड सेकंदाला २ मीटर चढण आणि ५५० मीटर धाव धरून विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घ्यावी.