ट्रक नेमका विकला कुठे गेला? बोरघाट, जमशेदपूर आणि संघराज्याचा एक जुना कज्जा

१/
जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळापाशी आजही ट्रकचा वेग क्षणभर मंदावतो. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर, अशी शिंग्रोबाची आख्यायिका आहे. चालक नाणे वाहतो आणि लोणावळ्याच्या दिशेने चढू लागतो. त्या ट्रकच्या पाटीवर कधी एमएच असते, कधी केए, कधी जीजे, तर कधी थेट नागालँडचे एनएल.

२/
या अक्षरांमागे एक साधा वाटणारा प्रश्न दडलेला आहे. परराज्यातील विक्रेत्याकडे नव्या ट्रकची मागणी नोंदवली, तर ती विक्री कोणत्या राज्यात झाली? जिथे तो तयार झाला तिथे, जिथे सौदा ठरला तिथे, की जिथे मालकाने किल्ली हातात घेतली तिथे? ज्या राज्यात विक्री, त्या राज्याचा कर. भारतीय संघराज्याने या प्रश्नावर अनेक दशके घालवली. हा धागा त्या दशकांचा.

३/
सोयीसाठी मावळातील एक ट्रकमालक कल्पावा. त्याचे घर लोणावळ्यात, माल कधी मुंबईचा, कधी पुण्याचा. दर पिढीत तो एक नवा ट्रक घेतो. माणूस काल्पनिक आहे. पण त्याच्या वाटेत येणारे कायदे, खटले आणि कारखाने पूर्णपणे खरे आहेत.

४/
प्रथम वाटेविषयी. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. तेव्हापासून मावळात रस्ता आणि रूळ एकमेकांना खेटून धावत आहेत. ही शेजारधर्माची गोष्ट नव्हती, हे मोटारी आल्यावर स्पष्ट झाले.

५/
पहिल्या पिढीचा ट्रक समुद्रावरून येई. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. परदेशातून सुटे भाग येत आणि येथे वाहन उभे राही. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. लोणावळेकराचा ट्रक तेव्हा घाटाखालून, आपल्याच प्रांतातून येत असे.

६/
अडचण ट्रक घेण्यात फारशी नव्हती, तो चालवण्यात होती. १९३०च्या सुमारास मुंबई–पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि रेल्वेचे मोठे भांडवल या घाटात गुंतले. देशभर मोटारमालवाहतूक रेल्वेचे उत्पन्न खाते, अशी ओरड सुरू होती. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने ती ऐकली. रस्ता व रेल्वे यांच्यात मेळ घालण्यासाठी लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला.

७/
याच कायद्याने परवान्यांची चौकट घट्ट केली. भाड्याने माल नेणाऱ्याला ‘पब्लिक कॅरिअर’ परवाना लागे. ट्रकच्या कपाळावर रंगवलेले ते शब्द अनेकांनी लहानपणी पाहिले असतील. परवाना विशिष्ट प्रदेशापुरता असे. दुसऱ्या प्रदेशात जायचे तर तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी हवी. ट्रकला चाके सहा. कायद्याच्या लेखी त्याला खुंटाही होता.

८/
१९५० मध्ये राज्यघटना आली. अनुच्छेद ३०१ ने भारताच्या संपूर्ण क्षेत्रात व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल, असे सांगितले. परंतु विक्रीकर हे राज्यांच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. म्हणून अनुच्छेद २८६ मध्ये एक स्पष्टीकरण जोडले गेले: विक्रीचा थेट परिणाम म्हणून वस्तू ज्या राज्यात वापरासाठी पोहोचवली जाते, त्या राज्यात ती विक्री झाली असे मानावे. अनुच्छेद वाचायला सोपे होते. कज्जा त्यांच्या सांध्यात होता.

९/
तो पहिल्यांदा गाजला मुंबईत, आणि तोही मोटारविक्रेत्यांमुळे. मुंबई विक्रीकर कायदा, १९५२ ला युनायटेड मोटर्स आणि इतर वाहनविक्रेत्यांनी आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने कायदा अवैध ठरवला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९५३ मध्ये बहुमताने निकाल फिरला: माल जिथे वापरासाठी पोहोचतो, त्या राज्याला आंतरराज्य विक्रीवरही कर लावता येईल.

१०/
लोणावळा तेव्हा मुंबई राज्यातच होते. म्हणजे तेथील गिऱ्हाइकाने कलकत्त्याच्या दुकानदाराकडून वस्तू मागवली, तर मुंबई राज्याचे करखाते त्या दुकानदाराकडे कर मागू शकत होते. दहा राज्यांत माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला दहा राज्यांच्या करखात्यांना तोंड देण्याची पाळी आली. बाजार एक, चोपड्या दहा.

११/
दोनच वर्षांत चित्र पालटले. बंगाल इम्युनिटी कंपनी कलकत्त्याहून लसी व औषधी द्रव्ये बिहारमध्ये पाठवीत असे. बिहारने कर मागितला. सप्टेंबर १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा काठावरच्या बहुमताने आपलाच १९५३चा निकाल बाजूला सारला. संसदेने कायदा केल्याशिवाय आंतरराज्य विक्रीवर कोणत्याही राज्याने कर लावू नये, असे ठरले.

१२/
उत्तर संसदेने दिले. १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकर कायदा आला. आंतरराज्य विक्रीवरील कर केंद्राच्या कायद्याने ठरेल; मात्र तो गोळा करील आणि ठेवील ते राज्य, जिथून माल निघाला. तत्त्व उलटे झाले होते. १९५३ मध्ये कराचा हक्क वापरणाऱ्या राज्याकडे होता. आता तो पाठवणाऱ्या राज्याकडे गेला.

१३/
नेमक्या याच सुमारास देशाचा ट्रकनकाशाही उलटा झाला होता. जमशेदपूरच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डेम्लर-बेन्झशी करार करून १९५४ मध्ये ट्रक बनवण्यास सुरुवात केली. त्याच काळात जनरल मोटर्सने भारतातील जुळणी थांबवली. मावळातल्या ट्रकमालकाचा नवा ट्रक आता बिहारमधून येऊ लागला.

१४/
‘ट्रक’ हा शब्दही येथे सैलच म्हणावा लागेल. कारखान्यातून बहुधा बाहेर पडे ती चासी: इंजिन, चाके, सांगाडा. चालक उघड्यावर फळीच्या आसनावर बसून, तोंडाला फडके गुंडाळून शेकडो मैल ती हाकत आणी. केबिन आणि हौद गिऱ्हाइकाच्या पसंतीने, बहुतेक वेळा त्याच्याच मुलखात बांधले जात. बिहारमध्ये विकली गेली असेल ती वस्तू आणि घाट चढणारी वस्तू एकच होती का, असाही प्रश्न पडावा.

१५/
बिहार सरकारपुढचा प्रश्न अधिक रोकडा होता. टेल्कोचे ट्रक देशभर जात; त्यांच्या विक्रीवर बिहारचा स्थानिक विक्रीकर लागतो का? करअधिकाऱ्यांनी तो लावला. हे व्यवहार आंतरराज्य व्यापाराचे आहेत, असे म्हणत कंपनी आणि तिचे काही भागधारक मूलभूत हक्कांच्या आधारे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

१६/
१९६४ मध्ये निकाल लागला. पीठाचे प्रमुख होते साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. न्यायालय कराच्या प्रश्नापर्यंत गेलेच नाही. कंपनी ही नागरिक नव्हे, म्हणून नागरिकांनाच असलेले अनुच्छेद १९ चे हक्क तिला मागता येणार नाहीत. आणि भागधारकांना पुढे करूनही ते मिळवता येणार नाहीत. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल ‘कंपनीचा पडदा’ या विषयात वाचतात. त्या पडद्याआड उभे होते ते ट्रक.

१७/
दुसरी फेरी १९७० मध्ये झाली. टेल्को आपली वाहने इतर राज्यांतील स्वतःच्या आवारांत पाठवून ठेवी आणि तेथून विक्रेत्यांना देई. करअधिकाऱ्यांचे म्हणणे असे की विक्रेत्यांच्या मागण्या आधीच ठरलेल्या असतात. म्हणून ट्रक फाटकाबाहेर पडताच आंतरराज्य विक्री होते आणि कर बिहारचा. कंपनीचे म्हणणे असे की आवारात उभा असलेला ट्रक अमुक एका गिऱ्हाइकाचा नसतोच.

१८/
सर्वोच्च न्यायालयाला सरसकट निष्कर्ष मान्य झाला नाही. मालाची हालचाल विक्रीच्या करारामुळे झाली की करार नंतर झाला, हे प्रत्येक व्यवहारात तपासले पाहिजे. नुसते वाटपपत्र म्हणजे विक्रीचा करार नव्हे. या निकालाचा अर्थ सामान्य गिऱ्हाइकापर्यंत असा पोहोचतो: आवारातून पुण्याच्या विक्रेत्याकडे आणि त्याच्याकडून लोणावळ्यात आलेला ट्रक महाराष्ट्रात विकला गेला; खास नाव घालून जमशेदपूरहून थेट मागवलेला ट्रक तिथूनच विकला जाऊ शकतो. धातू तोच, रंग तोच. फरक फक्त कागदावरच्या क्रमाचा.

१९/
दरम्यान कारखानाच मावळाच्या वेशीवर आला. टेल्कोने १९६०च्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात पाय रोवले. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प वाढला आणि १९७७ मध्ये पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले. १९८६ मध्ये येथूनच ‘४०७’ आला. मावळच्या ट्रकमालकाच्या दृष्टीने परराज्याचा ट्रक शेजारच्या तालुक्याचा झाला. १९७५च्या राष्ट्रीय परवाना योजनेने त्याच्या पायातला खुंटही सैल केला.

२०/
तरीही सीमेचे आकर्षण संपले नाही, कारण दर राज्याचा कर वेगळा होता. कमी कराच्या प्रदेशात वाहन घ्यायचे आणि महाराष्ट्रात आणून पासिंग करायचे, हा मार्ग हिशेबी माणसाला सुचणारच. राज्याने १९८७ मध्ये मोटार वाहनांच्या स्थानिक क्षेत्रातील प्रवेशावर कर बसवणारा कायदा केला. बाहेरून आणलेल्या वाहनाने वाचवलेला कर येथे वसूल होऊ लागला.

२१/
पाठोपाठ १९८८चा मोटार वाहन कायदा आला. मालकाचे घर किंवा धंदा जिथे, आणि वाहन जिथे सामान्यतः उभे राहते, तिथल्याच कार्यालयात नोंदणी, हे त्याचे सूत्र होते. परराज्यातून येताना तात्पुरती नोंदणी एका महिन्याची. मात्र चासीवर बॉडी बांधणे बाकी असेल तर मुदत वाढवून मिळे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवले, तर नवा क्रमांक घ्यावा लागे. फळीवर बसून येणारा तो चालक कायद्यालाही ठाऊक होता.

२२/
१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. प्रवेशकराचा घटनात्मक आधार असलेली राज्यसूचीतील ५२वी नोंद १०१व्या घटनादुरुस्तीने वगळली. मुंबईच्या वेशीवरची जकातही गेली. ट्रक कोणत्याही राज्यातून घेतला, तरी कराचा दर एकच: आधी २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. आणि मूळ तत्त्व असे की कर त्या राज्याला मिळावा, जिथे वस्तू वापरली जाते.

२३/
हे तत्त्व ओळखीचे वाटत असेल, तर ते योग्यच आहे. १९५० च्या त्या स्पष्टीकरणात आणि १९५३ च्या मुंबईच्या मोटारविक्रेत्यांच्या खटल्यात हेच म्हटले होते. तेव्हा ते मोडले, कारण प्रत्येक राज्य आपली स्वतंत्र चोपडी घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभे होते. ६४ वर्षांनी ते टिकले, कारण मधे एक समाईक यंत्रणा उभी राहिली. चांगले तत्त्व अंमलाच्या सोयीशिवाय किती लंगडे पडते, याचा हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा.

२४/
वाहनकर मात्र अजून राज्यांचाच आहे. दर वेगळे, म्हणून वाटाही वेगळ्या. ज्या मालकांचा नागालँडशी फारसा संबंध नाही, त्यांचे एनएल पाटीचे ट्रक देशभर धावतात ते याच फटीतून. त्यात केवळ लबाडी पाहणे सोपे आहे. हप्ते, डिझेल आणि टोल यांच्या कात्रीत सापडलेल्या एक-दोन ट्रकच्या मालकाला हा फरक धंदा टिकण्या-न टिकण्याचा वाटू शकतो. आणि रस्त्याची डागडुजी करणाऱ्या राज्याला तो आपल्या तिजोरीतील भोक वाटतो. दोघांचीही तक्रार खरी आहे.

२५/
आज लोणावळ्यातल्या नव्या ट्रकला पिंपरी-चिंचवड कार्यालयाचा एमएच-१४ क्रमांक मिळतो. तो पाटीवर चढतो तेव्हा ‘ट्रक नेमका विकला कुठे गेला?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारावा लागत नाही, हीच ७० वर्षांच्या कज्ज्यांची कमाई. पुढच्या वेळी घाटात ट्रकमागे अडकून पडावे लागले, तर पाटीवरची अक्षरे जरा सावकाश वाचावीत.