कितीला आणि कशाला? शिरांवरच्या एका उपचाराचा इतिहास



आज आपण एका आजाराच्या एका उपचाराचा इतिहास बघणार आहोत. आजार आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. उपचार आहे मानेतल्या शिरा फुग्याने रुंद करण्याचा. २०१० च्या आसपास दोन-तीन वर्षं देशोदेशीचे रुग्ण एकमेकांना विचारत होते, पोलंडमध्ये किती पडतात, कोस्टा रिकात किती, आणि भारतात किती? ही तुलना लोक फार काळजीपूर्वक करत होते. तरी ती फसली. का फसली, हा आजचा प्रश्न. हा विषय कडावला कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याचं उत्तर शेवटाकडे येईल.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा या आवरणावर उलटते. मग कुणाची नजर अंधूक होते, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाला सकाळी उठल्यापासूनच थकवा येतो. हा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. आणखी एक गोष्ट, ती मात्र लक्षात ठेवा: बहुतेक रुग्णांमध्ये सुरुवातीला तो लाटांसारखा येतो. झटका येतो, काही आठवडे राहतो, आणि पुष्कळदा आपोआप ओसरतोही.

वेगळा आजार म्हणून त्याचं नीट वर्णन केलं पॅरिसच्या झां-मार्तँ शार्को यांनी, १८६८ साली. थंड प्रदेशांत तो जास्त आढळतो. कॅनडात तर जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. भारतात तो कमी, पण मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तुलनेने जास्त आहे, हे मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्या अभ्यासातून पुढे आलं. एमएस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ साली मुंबईतच सुरू झाली. तेव्हा हा अगदीच परदेशी आजार आहे, असं समजू नका.

आता शिरांकडे येऊ. शिरांवरचा संशय शार्कोंपेक्षाही जुना आहे. १८६३ मध्ये एदुआर्ट रिंडफ्लाइश या जर्मन तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की मेंदूतल्या डागांच्या मधोमध एक रक्तवाहिनी असते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ट्रेसी पुटनम यांनी शिरांत गुठळ्या होतात म्हणून हा आजार होतो, असं मांडलं, आणि पुढे रक्त पातळ करणारी औषधंही देऊन पाहिली. फायदा सिद्ध झाला नाही. कल्पना मागे पडली, पण मेली नाही.

ती पुन्हा उठली २००९ मध्ये, इटलीतल्या फेरारा विद्यापीठात. पाओलो झांबोनी हे शिरांचे शल्यविशारद, आणि त्यांच्या पत्नीलाच एमएस. हे मी सहानुभूती मिळवायला सांगत नाही. प्रश्न विचारण्याची निकड कुठून येते, ते कळावं म्हणून सांगतो. त्यांचा दावा असा: मेंदू आणि मज्जारज्जूतून रक्त परत आणणाऱ्या मानेतल्या आणि छातीतल्या शिरा या रुग्णांमध्ये अरुंद असतात, रक्त तुंबतं, लोह साचतं आणि दाह सुरू होतो. या अवस्थेला त्यांनी सीसीएसव्हीआय हे नाव दिलं. मग ६५ रुग्णांच्या शिरा फुग्याने रुंद केल्या. हृदयासाठी अँजिओप्लास्टी करतात ना, तसंच. फक्त इथे शिरेत. काही रुग्णांत सुधारणा दिसली. पण त्या ६५ जणांशी तुलना करायला उपचार न केलेला दुसरा गट नव्हता.

नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडातल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही बातमी घरोघरी नेली. उपचाराला नाव मिळालं ‘लिबरेशन’, म्हणजे मुक्ती. आता बघा, औषधाच्या नावातच मोक्ष असला की चिकित्सा करणं किती अवघड होतं! आपल्याकडच्या बाबा-बुवांनाही हे चांगलं ठाऊक असतं.

कॅनडात सरकारी आरोग्यविमा सगळ्यांना आहे. पण सिद्ध न झालेला उपचार त्यात बसत नाही. म्हणजे घरी हा उपचार कुठल्याच किमतीला मिळेना. मग रुग्ण निघाले: पोलंड, बल्गेरिया, मेक्सिको, कोस्टा रिका, भारत. आपल्याकडे पुणे आणि बंगळूरूतली खासगी रुग्णालयं या नकाशावर होती. माणशी खर्च साधारण दहा हजार डॉलर आणि त्याच्या पुढे. तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साडेचार लाख आणि वर. लोकांनी गावात वर्गणी काढली, घरं गहाण टाकली.

भारत स्वस्त का पडत होता? इथे डॉक्टर आणि परिचारिकांचे पगार कमी, खोलीचं भाडं कमी, खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याचा बोजा कमी. शिवाय सरकारचं धोरणही तसंच होतं. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांवर होणारे उपचार म्हणजे एक प्रकारची निर्यात, असं मानलं होतं. निर्यात म्हटलं की दरपत्रक आलं आणि स्पर्धा आली. त्यात लपवाछपवी होतीच असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, दरपत्रकात काय लिहिलेलं नसतं, ते बघा.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि खुद्द आजारी माणूस. दरपत्रकात यातले दोनच पाय येतात, वैद्य आणि द्रव्य. उपस्थाता कुठे आहे? सोबत आलेल्या नवऱ्याची बुडालेली नोकरी कुठे लिहिली? परत गेल्यावर शिरेत गुठळी झाली तर कोण बघणार? कोस्टा रिकात उपचार घेऊन परतलेल्या एका पस्तीस वर्षांच्या कॅनेडियन रुग्णाच्या बाबतीत हेच झालं. गुठळीची गुंतागुंत झाली, तो उपचारासाठी पुन्हा तिकडे गेला, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिथेच वारला. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. त्यात मृत्यू, पक्षाघात, स्टेंट जागेवरून सरकणं, शिरांना इजा, रक्ताच्या गुठळ्या अशी यादी होती. ही यादी हासुद्धा खर्चच आहे, मंडळी. तो रुपयांत मांडता येत नाही म्हणून तक्त्यातून गळतो.

पण समजा, हे सगळं तक्त्यात लिहिलं, एकही रकाना सुटला नाही. तरी मुख्य अडचण राहतेच. दोन दुकानांतल्या तांदळाचा भाव आपण कधी विचारतो? दोन्हीकडे तांदूळच आहे, हे माहीत असतं तेव्हा. पोत्यात तांदूळ आहे की कोंडा, हे उघडून पाहिलं नसेल तर भावाची तुलना कशाची? शिरांच्या उपचारात पोतं अजून उघडलेलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, रुग्णांना बरं वाटत होतं ना! होय, पुष्कळांना वाटत होतं, आणि ते खोटं बोलत नव्हते. इथे आपल्या परंपरेतला काकतालीय न्याय आठवा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, हा आजार लाटांनी येतो आणि ओसरतो. माणूस उपचाराला कधी जातो? त्रास वाढलेला असतो तेव्हा. त्यानंतर लाट आपोआप ओसरणारच असते. मधे उपचार झाला की श्रेय उपचाराला. त्यात हजारो मैलांचा प्रवास, कर्ज काढून भरलेले पैसे आणि अख्ख्या गावाचे आशीर्वाद. इतकं केल्यावर ‘काहीच फरक नाही’ म्हणायला माणसाचं मन तयार होत नाही. त्यात मूर्खपणा नाही. आपण सगळेच असे आहोत.

म्हणून कावळा आणि फांदी वेगळी करायला पद्धत लागते. अर्ध्या रुग्णांना खरा फुगा, अर्ध्यांना नुसतं सोंग: नळी आत घालायची, पण शीर रुंद करायची नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला कळू द्यायचं नाही, आणि त्याला तपासणाऱ्यालाही नाही. कॅनडात असा प्रयोग १०४ रुग्णांवर झाला. निष्कर्ष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला: वर्षभराने दोन्ही गटांत फरक नाही. त्याआधी, २०१३ मध्ये, कॅनडातल्याच एका अभ्यासात आढळलं होतं की शिरा अरुंद असणं रुग्णांत, त्यांच्या भावंडांत आणि निरोगी माणसांतही जवळपास सारखंच आहे. आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिसरा निकाल आला इटलीतून, रिलॅप्सिंग प्रकारच्या ११५ रुग्णांवरच्या प्रयोगाचा. या उपचाराचा उपयोग नाही, तो सुचवू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांत पहिलं नाव कुणाचं? पाओलो झांबोनी यांचंच. स्वतःची कल्पना स्वतः कसाला लावून, उतरली नाही हे छापून सांगणं, याला मी वैज्ञानिक सचोटी म्हणतो. या माणसाला नुसतं खलनायक करून मोकळं होऊ नका.

रुग्णांनाही भोळसट म्हणू नका. पायांतलं बळ हळूहळू जातंय, आणि डॉक्टर म्हणतात की तुमच्या प्रकारावर औषध नाही. १९९३ पासून इंटरफेरॉन बाजारात होतं, पण ते लाटांच्या प्रकारासाठी. सुरुवातीपासून सतत वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं ते ऑक्रेलिझुमॅब. कधी? मार्च २०१७. म्हणजे ज्या महिन्यात फुगा फुटला, त्याच महिन्यात दुसरं दार उघडलं. पण त्या दारावर पाटी होती वर्षाला सुमारे पासष्ट हजार डॉलरची.

इथे देशोदेशीच्या खर्चाची तुलना खरोखर उपयोगी पडते. त्याच जातीचं एक जुनं औषध आहे, रिटुक्सिमॅब, मूळचं कर्करोगासाठीचं. भारतात डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची स्वस्त प्रतिकृती २००७ मध्येच आणली होती. स्वीडनमधले डॉक्टर एमएससाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरत होते. भारतातही वापरत होते. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या प्रयोगात ते दुसऱ्या एका मान्य औषधापेक्षा झटके टाळण्यात सरस ठरलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलं. आता इथे भाव विचारा, जरूर विचारा, भांडून विचारा! पोतं उघडलंय, आत तांदूळ आहे, आणि तोच तांदूळ कुठे दहापट भावाने विकला जातोय हे विचारणं हा न्यायाचा प्रश्न आहे.

म्हणजे खर्चाची तुलना वाईट नाही. क्रम महत्त्वाचा. आधी ‘लागू पडतं का’, मग ‘कितीला’. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर सगळ्यांत स्वस्त देशही महागच.

आता कडाव. आपल्याकडे मेंदूविकाराच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी कडावहून कर्जत स्टेशन, मग लोकल. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर. आजाऱ्याबरोबर एक माणूस, दोघांचा दिवस मोडतो. भातकापणीचे दिवस असले तर मजूर वेगळा लावावा लागतो. उपस्थात्याचा खर्च आपल्याला चरकाने शिकवायला नको. आणि मोठं दुखणं आलं की या पट्ट्यात काय होतं, ते तुम्ही मला सांगाल. मुंबईचा फार्महाऊसवाला गिऱ्हाईक तयारच असतो, आणि दोन-चार गुंठे जातात. गेलेली जमीन परत येत नाही.

तेव्हा उद्या कुणी दारात येऊन म्हणालं, ‘मुंबईत आठ लाख, आमच्याकडे तीनच,’ तर पाच लाख वाचले या आनंदात राहू नका. त्याला विचारा: हा उपचार न घेतलेल्या, तशाच आजाऱ्यांशी तुलना झाली आहे का? ती कुणी केली? उपचारानंतर काही बिघडलं तर रात्री फोन कुणाला करायचा? आणि काही सिद्ध व्हायचं बाकी असेल, तर त्या प्रयोगाचे पैसे आजाऱ्याने का भरायचे? खऱ्या प्रयोगात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराची किंमत घ्यायची नसते.

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचा उल्लेख नावाने आहे. प्रमाणपत्र, सवलती, फिजिओथेरपी यांसाठी धडपड करायला तिथे जागा आहे, आणि ती धडपड जमीन विकून करावी लागत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.