उघडी वही

मलकापूरहून बुलढाण्याकडे निघाले की वाटेत मोताळा लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील सिंदखेडचे गावकरी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी पंचेचाळीस दिवस कुदळ-फावडे घेऊन राबत होते, आणि आम्ही मलकापूरकर ते घरबसल्या मोबाईलवर पाहत होतो. गाव पुढे बक्षीसपात्र ठरले. त्या चित्रांनी आम्हां चौघापाच जणांनाही स्फुरण चढले आणि पुढे एका उन्हाळ्यात गुरांच्या पाण्यासाठी हौद बांधावेत म्हणून आम्ही वर्गणी काढली. रोजची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर नेमाने धाडली. हौद झाले, गुरे पाणी प्याली, एका पैचीही अफरातफर झाली नाही. हिशेब मात्र माझ्या वहीत राहिला, आणि वही माझ्या कपाटात.

दुसऱ्या खेपेस त्याच पेठेत गेलो तेव्हा एका वृद्ध दुकानदारांनी शांतपणे म्हटले, "भाऊ, फोटो लय पायले आमी. हिशोब मात्र नाई पायला."

प्रथम राग आला. पण घरी येऊन सार्वजनिक कार्याचा आपला जुना इतिहास चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या दुकानदारांचा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे.

पुण्यातील पर्वती संस्थानचा कारभार पंचांकडे होता आणि त्याविषयी लोक नाराज होते. त्या नाराजीतूनच २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा जन्मली. देवस्थानाच्या पंचांना जाब विचारावयाचा, तर विचारणारा तरी कोणाचा? म्हणून सभेने नियम केला, की सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी अशा सहा हजारांच्या सह्या होत्या. दुसऱ्याची वही उघडावयास निघालेल्यांनी आधी आपला अधिकार उघड केला, हे मला विशेष वाटते.

पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून वार्ता गोळा केल्या आणि त्या सरकारपुढे मांडल्या. टपाल व छापखाना ही त्या काळची नवी साधने. सभेने ती पुरेपूर राबविली. १८७८ मध्ये तिचे त्रैमासिकही निघू लागले व न्यायमूर्ती रानड्यांच्या लेखणीने ते गाजले. परंतु ते मुख्यतः इंग्रजीत असे. सरकारला वाचता यावे हा हेतू रास्तच. तथापि ज्याच्या दुःखाची ती कहाणी, त्या कुणब्याला ती वाचता येत नव्हती. उलट कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला तो मराठीत, शेतकरी-कामकऱ्यांसाठी. तेव्हा उघडेपणा म्हणजे केवळ छापणे नव्हे. कोणाला वाचता येईल असे छापले, हेही पाहावे लागते.

साधनाची मर्यादा पैसा फंडात दिसते. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत. मनीऑर्डर १८८० पासून चालू होती. पण तिचे शुल्कच पैशाहून अधिक! म्हणून तो पैसा माणसाने माणसाच्या हातून, दारोदार हिंडून घ्यावा लागला. त्यातूनच १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, आणि मला वाटते, अर्धा हिशेब तेथेच होत असे.

आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून एक रुपयाही मोबाईलवरून विनाशुल्क धाडता येतो. पैसा क्षणात पोहोचतो, छायाचित्र त्याहून आधी पोहोचते. समोरासमोरची ती भेट तेवढी राहून जाते. ज्या साधनाने वर्गणी मागितली, त्याच साधनाने हिशेब परत गेला पाहिजे. १९५० च्या विश्वस्त कायद्याने नोंदलेल्या संस्थांवर हिशेब-तपासणीचे बंधन घातले, ते योग्यच. पण तपासलेला हिशेब सरकारी कचेरीत दाखल झाला म्हणून तो पेठेतल्या दुकानात पोहोचला, असे होत नाही.

मी ती वही कपाटातून काढली. पानांची छायाचित्रे वर्गणीदारांना धाडली, आणि मोबाईल न वापरणाऱ्यांसाठी एक मोठा कागद सुवाच्य अक्षरात लिहून चौकात लावला. त्यात सिमेंटचा खर्च आमच्या अंदाजापेक्षा अधिक झाल्याचेही लिहिले. दोन दिवसांनी त्या दुकानदारांनी कागद बोट लावून ओळीओळीने वाचला. बेरजेत माझी अकरा रुपयांची चूक त्यांनीच काढली, आणि मग गल्ल्यातून वर्गणी काढून माझ्या हातावर ठेवली. पावती मात्र आधी मागून घेतली.