भाड्याच्या घराला रंग कुणी द्यायचा, घरमालकाने की भाडेकरूने?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये भाड्याने राहणाऱ्यांमध्ये बदलीवर आलेले शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी असतात, हळदीच्या व्यापारात काम करणारे असतात आणि मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून तालुक्याला आलेली कुटुंबंही असतात. घर घेताना बोलणं होतं ते भाडं, डिपॉझिट, पाणी आणि लाईट बिलावर. रंगाचा विषय सहसा निघत नाही.

तो निघतो घर सोडताना. मालक भिंतीवरचे डाग दाखवतो आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार असं सांगतो. भाडेकरूचं म्हणणं असतं, 'तीन वर्षं राहिल्यावर भिंती जुन्या होणारच.' महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला नव्या घराचं डिपॉझिट याच पैशातून भरायचं असतं. मालकालाही पुढचा भाडेकरू येण्याआधी घर नीट करायचं असतं.

मग हा खर्च नेमका कुणाचा?

थोडक्यात उत्तर

करारात रंगाबद्दल काही लिहिलं असेल, तर आधी ते पाहिलं जातं. काहीच लिहिलेलं नसेल, तर साधारण तत्त्व असं आहे: वापराने आणि काळाने भिंतीचा रंग उतरला तर तो खर्च मालकाचा, आणि भाडेकरूच्या हलगर्जीपणामुळे किंवा परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे भिंत खराब झाली तर ती दुरुस्ती भाडेकरूची.

तुमचा करार कोणता आहे?

घर भाड्याने देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला भाडेपट्टा. यात राहणारा कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' असतो. दुसरा 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी. आपल्याकडे ११ महिन्यांचा जो करार सर्रास होतो तो बहुतेक वेळा हाच असतो. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण कायद्यात फरक आहे.

भाडेकरूला दुरुस्तीबाबत कायद्याने काही हक्क दिले आहेत. लिव्ह अँड लायसन्सची व्याख्या मात्र १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातून येते, आणि त्यात घराची देखभाल कुणी करायची याचे तपशीलवार नियम नाहीत. म्हणून ११ महिन्यांच्या करारात रंगाबद्दल एक ओळ असणं फार महत्त्वाचं ठरतं.

महाराष्ट्राचा कायदा काय म्हणतो?

मराठवाडा पूर्वी हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे इथे भाड्याच्या घरांसाठी हैदराबादचा १९५४ चा कायदा होता, तर मुंबई आणि विदर्भात वेगळे नियम होते. ते सगळे रद्द करून राज्याने एकच 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आणला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. कायद्याच्या अनुसूचींमध्ये ज्या क्षेत्रांचा समावेश आहे, तिथे तो चालतो.

या कायद्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने वेगळं काही मान्य केलेलं नसेल, तर घर राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मालक दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरू त्याला किमान १५ दिवसांची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

उदाहरणार्थ, भाडं महिना ६,००० रुपये असेल तर वर्षाचं भाडं ७२,००० रुपये होतं. त्यातून वर्षभरात जास्तीत जास्त १८,००० रुपये वळते करता येतील. सामानाची बिलं आणि मजुरीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

यात एक मेख आहे. कलम १४ मध्ये 'रंग' हा शब्द नाही, 'दुरुस्ती' आहे. ओल आली, प्लास्टर पडलं, भिंतीला तडा गेला, तर ती दुरुस्ती आहे याबद्दल फारसा वाद होणार नाही, आणि त्या कामानंतरचा रंगही त्यातच धरणं स्वाभाविक आहे. पण भिंत चांगली आहे, फक्त रंग फिका झालाय म्हणून भाडेकरूने स्वतः रंग देऊन भाडं कापलं, तर तो वादाचा मुद्दा होऊ शकतो. अशा वेळी मालकाची लेखी संमती घेतलेली बरी.

जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तिथे भाडेपट्ट्यासाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याचं कलम १०८ सांगतं की, करारात वेगळं काही नसेल तर भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतलं त्याच स्थितीत परत करावं. त्याला दोन अपवाद आहेत. एक, वाजवी वापराने होणारी झीज. दुसरा, माणसाच्या हाताबाहेरचं संकट.

झीज कशाला म्हणायचं, नुकसान कशाला?

बहुतेक भांडणं इथेच होतात. साधारणपणे या गोष्टी झीज मानता येतील:

- उन्हाने किंवा काळाने फिका पडलेला रंग
- कपाट, पलंग हलवल्यावर मागे दिसणारा वेगळा पट्टा
- स्विच बोर्डाजवळचे हाताचे हलके डाग
- कॅलेंडर, फोटो किंवा देवघरासाठी मारलेले मोजके खिळे
- स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने आलेला हलका पिवळेपणा

आणि हे नुकसान:

- मुलांनी खडू-पेनाने भरलेल्या भिंती
- टीव्ही, रॅक किंवा एसीसाठी न विचारता पाडलेली मोठी भोकं
- स्टिकर किंवा वॉलपेपर ओढून काढताना निघालेले रंगाचे पापुद्रे
- न विचारता दिलेला गडद रंग
- नळ उघडा राहून किंवा कुलरचं पाणी सांडून भिंतीत मुरलेली ओल

ही यादी कायद्यात अशी दिलेली नाही, त्यामुळे प्रत्येक प्रकरणात परिस्थिती पाहावी लागते. एका खोलीत चार माणसं पाच वर्षं राहिली, तर तिथली झीज एकट्या माणसाच्या एका वर्षापेक्षा जास्तच असणार.

काळी माती, पाऊस आणि भूकंप

वसमत परिसरातली बरीच जमीन काळ्या मातीची आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल किंवा मजबूत नसेल तर ही हालचाल भिंतीपर्यंत पोहोचते आणि प्लास्टरला तडे जातात. त्यावर कितीही चांगला रंग दिला तरी तडा पुन्हा दिसतो.

ओलीचंही तसंच आहे. छताच्या गळतीने किंवा पायातून वर चढणाऱ्या ओलाव्याने भिंतीतून पांढरा क्षार बाहेर येतो आणि रंगाचे पोपडे निघतात. हे बांधकामाचे दोष आहेत, त्यामुळे त्याचं बिल भाडेकरूच्या माथी मारणं योग्य नाही. आधी गळती थांबवणं, भिंत वाळू देणं आणि मग पुट्टी, प्रायमर, रंग असा क्रम ठेवला नाही, तर पैसे कुणाचेही असोत, ते वाया जातात.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के नांदेड, परभणीतही जाणवले. अशा धक्क्याने भिंतीला तडा गेला, तर तो कलम १०८ मधल्या हाताबाहेरच्या संकटात मोडतो. त्याची भरपाई भाडेकरूकडून मागता येत नाही.

डिपॉझिटमधून किती कापणं वाजवी?

भाडेकरूने भिंत खराब केली असली, तरी अख्ख्या घराच्या नव्या रंगाचे पैसे त्याच्याकडून घेणं न्याय्य ठरत नाही. जुन्या रंगाचं काही आयुष्य आधीच संपलेलं असतं.

समजा घराला रंग द्यायला १५,००० रुपये लागतात आणि दोघांनीही रंगाचं आयुष्य तीन वर्षं धरलं. भाडेकरू नव्या रंगाच्या घरात आला आणि दोन वर्षांनी भिंती खराब करून गेला. म्हणजे त्याने एका वर्षाचा रंग वाया घालवला, आणि त्याचा वाटा ५,००० रुपये होतो. खराब एकच खोली झाली असेल तर हिशोब त्या खोलीपुरताच करायचा. ही पद्धत कायद्याने बंधनकारक नाही, पण तडजोडीला बसताना तिचा उपयोग होतो.

इतर ठिकाणी काय नियम आहेत?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. लेखी करारात वेगळं ठरलं नसेल, तर भिंतींची रंगसफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग ही मालकाची कामं, असं त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे. स्विच-सॉकेटची दुरुस्ती आणि खिडकीच्या काचा बदलणं भाडेकरूकडे आहे. घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये, असंही त्यात आहे. मात्र हा नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो तिथे लागू होत नाही.

न्यूयॉर्क शहरात तीन किंवा अधिक घरं असलेल्या इमारतीत मालकाला दर तीन वर्षांनी घर रंगवून द्यावं लागतं. जर्मनीत रंगकाम करारानुसार भाडेकरूवर टाकण्याची जुनी रीत आहे. पण २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की, घर रंग न देताच ताब्यात दिलं असेल आणि त्याबदल्यात भाडेकरूला योग्य मोबदला मिळाला नसेल, तर अशी अट त्याच्यावर लादता येत नाही.

करारात काय लिहून घ्यावं?

- घर देताना रंग नवा आहे की जुना, आणि शेवटचा रंग कधी दिला होता
- किती वर्षांनी रंग द्यायचा आणि खर्च कुणाचा
- खिळे, भोकं आणि रंग बदलण्यासाठी परवानगी कशी घ्यायची
- घर सोडताना रंगासाठी कापायची कमाल रक्कम
- हिशोब किती दिवसांत द्यायचा आणि बिल दाखवायचं की नाही

राहायला जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. तारखेसह तो पुरावा राहतो. घर सोडताना दोघांनी मिळून पाहणी करावी आणि पुन्हा फोटो काढावेत.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे. ही जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इतकंच नाही, तर नोंदणी केलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, असं होत नाही.

वाद झालाच तर?

मालकाकडून कपातीचा लेखी हिशोब आणि रंगकामाचं बिल मागावं. रंगाच्या वादावरून भाडं देणं बंद करू नये, कारण थकलेलं भाडं हे घर खाली करून मागण्याचं कारण बनू शकतं. बोलून प्रश्न सुटला नाही तर नोटीस पाठवता येते.

त्यापुढे तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल करण्याआधीच लोक अदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना वकिलाची मदत मोफत मिळते. भाडे नियंत्रण कायद्याखालचे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. वसमतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात दाखल करता येतात.